हुकुमचंद मिलची जमीन आणि अरण्यचा धडा

इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मोकळे झाले ते डिसेंबर २०२३ मध्ये. जमीन आता गृहनिर्माण मंडळाकडे आहे. तिथे निवासी आणि व्यापारी संकुल व्हायचं आहे. माझा प्रश्न साधा आहे: त्यात कामगाराच्या नातवाला परवडणारं घर असेल का?

उत्तर शोधायला लांब जायला नको. बाळकृष्ण दोशींची अरण्य वसाहत इंदुरातच आहे. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. जोतं, न्हाणी-संडास आणि पाण्याची सोय आधी दिली. खोल्या लोकांनी ऐपतीप्रमाणे चढवल्या. मोठे भूखंड चढ्या भावाने विकून लहानांचा भार हलका केला. १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला तो याच विचाराला.

मात्र अरण्यचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. ते जमिनीवर पसरलं आहे. चौथ्या मजल्यावर कुणी खोली वाढवू शकत नाही. मग नकाशातच छताखाली एक उघडा गाळा ठेवावा. कुटुंबाने तो सवडीने भिंती घालून घ्यावा. इमारती चार मजल्यांच्या ठेवाव्यात, म्हणजे लिफ्टचा मासिक खर्च गरिबाच्या गळ्यात पडणार नाही. दुकानांचं उत्पन्न देखभालीला बांधून द्यावं. आणि पाया खणण्याआधी, जिथे रंगखाता होता तिथली माती तपासावी.

नाहीतर संकुलाच्या नावात ‘मिल’ राहील, मिलवाले राहणार नाहीत.