दहा सेकंदांचा छंद

क्षणभर झळाळी, मग काळोख. दहा सेकंदांचं आवर्तन पुरं झालं की पुन्हा झळाळी. मुंबईच्या दक्षिण टोकाला, जिथे कुलाब्याची जमीन संपते आणि तिचे खडक मात्र पाण्याखालून पुढे सरकत राहतात, तिथलं प्राँग्ज दीपगृह रात्रभर एवढंच म्हणत असतं. १८७५ साली उभ्या राहिलेल्या या मनोऱ्याचं कौतुक करताना सगळे उजेडाविषयी बोलतात. मला त्याची गोडी मधल्या काळोखात अधिक वाटते, म्हणून आपण आधी तिथेच रेंगाळू या. नुसता तेवणारा दिवा कुणाचाही असू शकतो, मचव्यावरच्या कंदिलाचा, किनाऱ्यावरच्या घराचा, समोरून येणाऱ्या जहाजाचा. पण कवितेतल्या यतीसारखा मोजून घेतलेला विराम ज्याच्या दोन झळाळ्यांमध्ये आहे, असा दिवा त्या टापूत एकच असतो. खलाशी उजेड पाहतो आणि काळोख मोजतो. त्या मोजणीतून त्याला कळतं की आपण नेमके कुठे आहोत आणि कुठल्या खडकांपासून दूर राहायचं आहे.

आता नजर खाली आणू या, मनोऱ्याच्या पायाशी. ओहोटीला हे खडक उघडे पडतात, इतके की कुलाब्याहून चालत दीपगृहापर्यंत जाता येतं. भरतीला तीच वाट समुद्राची होते. अशा जागी कामाचा दिवस सूर्य ठरवत नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी मिळालेली सवड काही दिवसांनी भर दुपारी आणि पुढे दिवेलागणीला मिळणार. त्या सरकत्या सवडीत दगड आणायचा, बसवायचा, चुना पक्का होण्याआधी लाट त्याला पुसून नेणार नाही असा सांभाळायचा, आणि पावसाळ्यातल्या नैर्ऋत्येच्या माऱ्यापुढे मुकाट्याने थांबायचं. टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने हे काम तडीला नेलं. खर्च आला ६०,००० पौंड. सुमारे ४१ मीटरांची मनोऱ्याची उंचीही डौलासाठी घेतलेली नाही. पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र आहे, त्यामुळे एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे २३ किलोमीटरांवर जातं, आणि तेवढ्या अंतरावर सावध झालेल्या जहाजाला वळायला पुरेसं पाणी मिळतं. जहाजाला वळायला लागणाऱ्या अंतराचा हिशेब इथे दगडात उभा आहे, आणि हिशेबाला असं देखणं रूप येतं तेव्हा मन फार सुखावतं.

आणखी वर गेलं की काच येते. एकोणिसाव्या शतकातल्या दीपगृहांचा हा प्राण ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत घडवला, आणि १८२७ मध्ये तो अवघ्या ३९ व्या वर्षी गेला. मोठ्या भिंगाचं काम त्याच्या वळणामुळे होतं, पोटातल्या जाड काचेमुळे नव्हे, हे त्याने ओळखलं. मग ती जड काच काढून टाकायची आणि वळण तेवढं कड्याकड्यांनी मांडायचं. मधोमध गोल भिंग, त्याभोवती कड्यांची वर्तुळं, वर आणि खाली तिरकस लोलकांच्या रांगा. जो किरण आकाशात किंवा पायाशी वाया गेला असता, त्यालाही वळवून क्षितिजाकडे धाडणाऱ्या. ज्योत तेलाचीच, वातीही कापसाच्याच, एकात एक बसवलेल्या नळ्यांसारख्या. पण त्या घरगुती ज्योतीचा एकही किरण इकडेतिकडे सांडू द्यायचा नाही, या काटकसरीतून ते तेज येतं. अनावश्यक ते सारं गळलं आणि अर्थ मात्र तसूभरही कमी झाला नाही, हा आनंद आपल्याला चांगल्या अभंगात भेटतो. इथे तो काचेत भेटतो.

भिंग फिरवायला त्या काळच्या दीपगृहांत घड्याळासारखी यंत्रं असत. साखळीला लटकलेलं वजन हळूहळू खाली येई, चाकं फिरत, आणि वजन तळाला टेकण्याआधी पहाऱ्यावरच्या माणसाला किल्ली देऊन ते पुन्हा वर चढवावं लागे. त्याची डुलकी म्हणजे समुद्रावर एका दिव्याची ओळख हरवणं. वातीचा कोळ खुडणं, काजळी पुसणं, तेल मोजून घेणं, दिवा कधी लावला आणि कधी मालवला याची नोंद ठेवणं, हे सारं रोज आणि बिनचूक व्हायला हवं. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कारभारातला हा दिवा. बंदरात येणाऱ्या जहाजांकडून कर घ्यायचा आणि त्यांच्यासाठी दिवे जागते ठेवायचे, अशी ती व्यवस्था. १८४० च्या जूनमध्ये लॉर्ड विल्यम बेंटिंक आणि लॉर्ड कॅसलरे ही दोन जहाजं मुंबईच्या तोंडाशी येऊन एकाच वादळात फुटली होती. ते आठवलं की नोंदवहीतल्या त्या कोरड्या रकान्यांची किंमत कळते.

हे सगळं वऱ्हाडातल्या, घाटावरच्या चिखलीत बसून, समुद्रापासून जवळजवळ चारशे किलोमीटरांवर मी का न्याहाळतो आहे? कारण प्राँग्जचा दिवा आमच्या मातीपासून वाटतो तितका परका नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे सुरू झाली. घाटावरून बैलगाड्यांनी उतरलेली बोंडांची कमाई सरकी काढून, गाठी बांधून जलंबमार्गे मुंबईला जाऊ लागली आणि तिथून बोटीत चढू लागली. त्या बोटी बंदराबाहेर पडताना ज्या खडकांना वळसा घालत, ते हेच. काळ्या मातीत राबणाऱ्या कुणब्याला या दिव्याचं नाव कधी कळलं नसेल. पण त्याच्या वर्षभराच्या घामाची राखण या दिव्याकडेही होती. मदत कुणी केली आणि कुणाला झाली, हे दोघांनाही ठाऊक नसावं, यात मला विलक्षण सौंदर्य दिसतं.

प्राँग्जच्या आधी, १८६७ मध्ये, मुंबईच्या दक्षिणेला थळच्या समोर खांदेरी बेटावर दीपगृह उभं राहिलं होतं, आणि त्याची कथा आणखी रसाळ आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट तटबंदीसाठी निवडलं, तेव्हा मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले. बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक गलबत जिथून दिसतं, तिथे मराठ्यांचा गड उभा राहणार होता. मायनाक भंडारी यांनी माणसं आणि सामान बेटावर नेलं, इंग्रजांनी वेढा घातला, समुद्रात लढाई झाली, आणि तरीही गड उभा राहिलाच. १८८ वर्षांनी त्याच इंग्रजांना बंदराची वाट उजळायला जागा हवी होती, आणि त्यांना तेच बेट सापडलं. जिथून सगळं दिसतं, ती जागा सगळ्यांना दिसतेही. महाराजांनी हेरलेला हा गुण नंतर दिव्याच्या कामी आला. मला या दीपगृहात इंग्रजांच्या अभियांत्रिकीइतकीच महाराजांच्या नजरेची पारख वाचता येते.

१९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीही जागतिक वारशाच्या यादीत गेली. आता थळहून होडीने जाणारे लोक तटबंदी पाहतात, चाकांच्या गाड्यांवरच्या तोफांपाशी उभे राहतात, कोळ्यांच्या वेताळाला हात जोडतात. आपण गेलो तर सुमारे २५ मीटर उंचीच्या त्या अष्टकोनी मनोऱ्यासाठीही थोडा वेळ राखून ठेवू या. तो गडाच्या कथेचाच पुढचा अध्याय आहे.