आजच्या ठळक बातम्या

रसग्रहण म्हटलं की ते कवितेचं, फार तर एखाद्या बंदिशीचं किंवा चित्रपटाचं. मी इथे शाळेच्या परिपाठाचं करणार आहे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांत रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटं चालणारा हा प्रयोग कोणा एका लेखकाच्या नावावर नाही. त्याची धड तालीम होत नाही, कलाकार रोज बदलतात, आणि प्रेक्षक रांगेत उभे असल्यामुळे मधूनच उठून जाऊ शकत नाहीत. तरीही त्याला आरंभ आहे, चढ आहे, शेवट आहे. त्याच्या मधोमध येणाऱ्या बातम्या हा माझ्या मते या रचनेचा सर्वांत जिवंत भाग, आणि सर्वांत दुर्लक्षितही.

परिपाठ ऐकायचा तर पोखर्णीसारख्या गावात ऐकावा. परभणीहून गंगाखेडच्या वाटेवरचं हे गाव नृसिंहाच्या देवळामुळे मराठवाडाभर माहीत आहे; परभणी-परळी रेल्वेमार्गावरच्या स्टेशनालाही देवाचं नाव जोडलेलं आहे. शहरातल्या शाळांत प्रार्थना वर्गावर्गातल्या भोंग्यांतून येते, ती भिंतींच्या आतच राहते. या पट्ट्यातल्या शाळांचा परिपाठ मात्र मैदानावर होतो. त्यामुळे शेताकडे निघालेला माणूस, फाट्यावर एसटीची वाट बघणारी म्हातारी, दूध घालून परतणारा पोरगा असे सगळे त्याचे बिनहजेरीचे श्रोते असतात. आपल्या लेकराचा आवाज ओळखू आला की बाहेरचा माणूस क्षणभर थांबतो. अशी दाद फार थोड्या सादरीकरणांच्या वाट्याला येते.

सुरुवातीचा भाग सामूहिक आवाजाचा. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. 19 फेब्रुवारी 2023 पासून त्याच्या जोडीला राज्यगीत आलं: राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. राज्यगीताच्या दोन कडव्यांना 1 मिनिट 41 सेकंद लागतात. खळ्यांची चाल पोरांच्या गळ्याला सोपी नाही. वरच्या जागेवर पाचवी-सहावीचे आवाज पोचतात, नववी-दहावीच्या मुलांचे फुटलेले आवाज तिथे खाली थांबतात, आणि दोन्हींच्या मधे जी फट पडते तिच्यात शाळेचं सगळं वय ऐकू येतं. सूर लागत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी या फटीकडे कान द्यावा.

मग प्रतिज्ञा. ती मूळ तेलुगूत लिहिली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, 1962 साली. ते विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते, जन्मगाव मात्र नलगोंडा जिल्ह्यातलं. म्हणजे निजामाच्याच राज्यातलं, जसं तेव्हाचं परभणी. एकाच राजवटीखाली राहिलेल्या दोन मुलखांतला हा शब्दांचा व्यवहार कोणाच्या ध्यानात नसतो. प्रतिज्ञेची गंमत तिच्या छोट्या वाक्यांत आहे. पुढे सांगणारा एक, मागे म्हणणारे सगळे. वाक्य तुटतं तिथेच श्वास घेता येतो.

उद्देशिकेत ही सोय नाही. राज्यघटनेची उद्देशिका शाळांत रोज म्हणावी यावर 2020 च्या प्रजासत्ताक दिनापासून शासनानं पुन्हा जोर दिला. ती एकच एक वाक्य आहे, आणि मराठीत त्याचं मुख्य क्रियापद थेट शेवटी येतं. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हे सगळं उचलून धरत, जोडाक्षरांवरून ठेचकाळत पोराला शेवटच्या शब्दापर्यंत जावं लागतं. तोपर्यंत वाक्याचा अर्थ हवेतच लटकलेला. मोठ्या माणसांनाही हे वाक्य एका दमात पेलत नाही. सातवीतली एखादी मुलगी ते न चुकता पार करते तेव्हा तिचा चेहरा पाहावा. अर्थ किती कळला हा प्रश्न आहेच, पण वाक्य कसं तोलायचं हे तिला त्या दिवशी कळलेलं असतं.

या मुलखात सकाळच्या गाण्याला एक जुना संदर्भ आहे. 1938 साली निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. बंदी आली, माफी मागायला सांगितलं गेलं, ती अनेकांनी मागितली नाही, आणि त्यांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं त्यातल्या पुष्कळांना सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, म्हणून मराठवाड्यातल्या शाळांत 17 सप्टेंबरलाही झेंडा चढतो, तो उरलेल्या महाराष्ट्रात चढत नाही. त्या दिवशीचा परिपाठ नेहमीपेक्षा लांबतो. गावात त्या काळाची आठवण सांगणारं कोणी उरलं असेल तर त्यांना खुर्ची मिळते. आता बहुतेक ठिकाणी सरच पुस्तकातलं वाचून दाखवतात.

सुविचाराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो फळ्याच्या डोक्यावर असतो, तिथेच बरा. बोधकथेचंही तेच, कोल्हा, कावळा आणि प्रामाणिक लाकूडतोड्या यांनी पिढ्यान् पिढ्या ही जागा अडवून ठेवली आहे.

बातम्यांकडे येऊ.

बातम्या वाचणारा किंवा वाचणारी रांगेतून बाहेर येते. हातात वहीचा फाडलेला कागद किंवा थेट वहीच. इथवर सगळे शब्द पाठ असलेले होते, सगळ्यांचे होते. आता पहिल्यांदा असा मजकूर येतो जो काल नव्हता. समूहाच्या आवाजातून एकटा आवाज वेगळा निघतो, आणि मैदानावरची चुळबुळ कमी होते. संगीतात समूहगान थांबून एकल आवाज सुरू झाला की जो ताण येतो, तोच इथे येतो. फक्त गायकाला इथे ‘ळ’ आणि ‘ण’ सांभाळायचे असतात.

या वाचनाची ढब कुठून आली हे पहिल्या वाक्यातच कळतं. ती आकाशवाणीची. पुणे केंद्रावरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्या आणि वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांच्यासारख्यांचा सावकाश, प्रत्येक अक्षराला पाट मांडणारा आवाज दोन-तीन पिढ्यांनी ऐकला. आजच्या पोरांनी तो ऐकलेला नाही. त्यांनी तो सरांकडून घेतला, सरांनी त्यांच्या गुरुजींकडून. वाहिन्यांवरची आरडाओरड घरोघर असूनही परिपाठात ती अजून शिरली नाही, याचं मला नवल वाटतं आणि बरंही वाटतं. ठळक बातम्या आधी, मग विस्तार, शेवटी पुन्हा एकदा ठळक बातम्या, हा जुना घाट पोरं काटेकोर पाळतात, एकूण बातम्या चारच असल्या तरी.

क्रमही ठरलेला: जग, देश, राज्य, जिल्हा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं हसत हसत म्हणणाऱ्या जिल्ह्याला हा क्रम शोभून दिसतो. कुठल्याशा देशाच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव अडखळत येतं. दिल्ली-मुंबईची नावं सफाईनं जातात. जिल्हा आला की आवाज उतरतो, पण बोलणं सुधारतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटणार, सोयाबीनचा भाव, पीकविम्याची शेवटची तारीख. आता वाचणाऱ्याला शब्द उलगडून सांगावे लागत नाहीत, रांगेतल्या निम्म्या घरांत काल रात्री जेवताना हेच बोलणं झालेलं असतं.

डिसेंबरात एक बातमी दरवर्षी येते. परभणीच्या कृषी विद्यापीठात किमान तापमानाची नोंद होते, आणि राज्यातल्या गारठ्याच्या आकड्यांत परभणीचं नाव वर लागतं. ही बातमी वाचणाऱ्या मुलाच्या अंगात बिनबाह्यांचं स्वेटर असतं, तोंडातून वाफ निघत असते, आणि आकडा सांगताना दात वाजतात. बातमी आणि बातमीदार इतके एकजीव झालेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

बातम्या कोण वाचणार हे कधीकधी एसटीवरही ठरतं. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना हायस्कुलापर्यंत आणतात. बस उशिरा आली की वाचणारी फाटकाशीच उभी राहते, कारण राष्ट्रगीत सुरू असताना हलायचं नाही. मग तिचा कागद तिच्या दप्तरात आणि माईकसमोर ऐनवेळी ढकललेला कोणी दुसरा. त्याच्याकडे मजकूर नसतो, म्हणून तो काल रात्री घरात ऐकलेलं सांगतो. अशा दिवशीच्या बातम्या हमखास चांगल्या असतात.

कारण तयार मजकुराची सवय या प्रकाराला मारक ठरली आहे. शिक्षकांच्या मोबाइलवर रोजचा आयता परिपाठ येतो: दिनविशेष, सुविचार, प्रश्न, बातम्या, सगळं एकाच निरोपात. सरांची अडचण मला कळते. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम हे सगळं त्यांच्याच डोक्यावर. पण परिणाम असा की सिंधुदुर्गात आणि परभणीत एकाच दिवशी तीच वाक्यं, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसह वाचली जातात. 3 जानेवारीला सावित्रीबाई, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 7 नोव्हेंबरला बाबासाहेबांच्या 1900 सालच्या साताऱ्यातल्या शाळाप्रवेशाची आठवण: हे दिवस महत्त्वाचेच, पण दरवर्षी तेच चार ओळींचं टिपण ऐकून नववीतल्या पोराला ते वाचणाऱ्याआधी म्हणता येतं.

शाळेच्या बातम्यांची दुसरी तऱ्हाही आहे: ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यांतली हायस्कुलं पालकांसाठी नियमित वार्तापत्र काढतात. पोहण्याच्या शर्यती, शाळेच्या शेतावरची वासरं, उपाहारगृहात मदतीला येणाऱ्या पालकांच्या पाळ्या, असा त्यात मजकूर असतो. जगाची एकही बातमी नसली तरी त्यांना चालतं. शाळा हीच बातमी. आपल्याकडे नेमकं उलटं. जग येतं, जिल्हा येतो, आणि शाळेच्या फाटकाशी येऊन बातम्या संपतात. आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेड मार्गानं पंढरपूरला जाते, तेव्हा नुकत्या सुरू झालेल्या शाळांची पोरं ती डोळ्यांनी बघतात. पण दुसऱ्या दिवशी परिपाठात पालखीची बातमी येते ती वर्तमानपत्रात छापून आलेली. पाहणाऱ्यानं पाहिलेलं सांगावं, त्यालाही बातमी म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

एक स्थानिक बातमी मात्र रोज येते, आणि ती बातमी म्हणून कोणी ऐकत नाही. अनेक शाळांत परिपाठाच्या ओघात वर्गवार हजेरी जाहीर करतात: पट इतका, उपस्थित इतके, मुलगे, मुली. जून-जुलैत हे आकडे कंटाळवाणे. दिवाळीनंतर ऐकावेत. गंगाखेडच्या बाजूची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, लेकरं बरोबर जातात किंवा आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. सातवीचा आकडा एका सोमवारी एकदम खाली येतो. वाचणाऱ्याचा सूर बदलत नाही, विस्तार कोणी सांगत नाही, आणि पुढची प्रश्नमंजूषा सुरू होते. परिपाठातलं सर्वांत दाट गद्य हेच. दुष्काळ, उचल, कोयता, मुकादम हे सगळं दोन अंकांच्या वजाबाकीत बसलेलं असतं.

शेवटी पसायदान. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणाऱ्या नऊ ओव्या, 1290 पासून चालत आलेल्या. काही शाळांत ते आधी घेतात. माझं मत विचाराल तर ते बातम्यांनंतरच यावं. अपघात, अतिवृष्टी, भाववाढ ऐकून झाल्यावर सगळ्या जगासाठी मागणं मागायचं, यात एक जोड आहे. आधी मागून मग अपघात ऐकवले तर ती जोड सुटते. त्यानंतरचं मिनिटभराचं मौन हा अर्थातच पोरांच्या दृष्टीनं विनोदी भाग. कोणीतरी हसू दाबतं, कोणीतरी दुसऱ्याच्या टाचेवर पाय देतं.

या रचनेत एक उणीव आहे, तिला शाळेचा इलाज नाही. पोखर्णीची सर्वांत मोठी घटना म्हणजे नृसिंहजयंती. ती वैशाख शुद्ध चतुर्दशीला येते. तोवर शाळांना सहसा उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते. गावात यात्रा भरते, दूरदूरची माणसं येतात, पाळणे लागतात, आणि परिपाठाचं मैदान रिकामं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बातमी महिन्याभराची शिळी. ती पहिल्या दिवशी सांगायला लावली तर पोरांना एक गोष्ट नक्की शिकता येईल: शिळी बातमी ताजी करून कशी सांगावी.

बाकी उणिवांना इलाज आहे, आणि तो फुकटातला आहे. मुख्याध्यापकांना माझी विनंती इतकीच, की रोजच्या चार बातम्यांतली एक गावची असू द्या, वाचणाऱ्यानं स्वतः पाहिलेली, स्वतः लिहिलेली. हजेरीचा आकडा ज्या दिवशी घसरेल त्या दिवशी पोरांना त्याचं कारणही एका वाक्यात सांगू द्या. आणि फाडलेले कागद बंद करून त्यासाठी एक जाड वही ठेवा, तारीख घाला, खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि इयत्ता घाला. वर्ष संपल्यावर ती वही रद्दीत देऊ नका; कपाटात, हजेरीपटांशेजारी तिला जागा करा.