यासुकुनीची नामावली

जपानचा पंतप्रधान तोक्योतील यासुकुनी देवस्थानात गेला की बीजिंग आणि सोलमधून निषेध येतात आणि आपली वर्तमानपत्रे 'शेजाऱ्यांत तणाव' म्हणून मोकळी होतात. नाकासोने १५ ऑगस्ट १९८५ रोजी अधिकृतपणे गेले, कोइझुमी २००१ ते २००६ दरवर्षी. मला हा वाद परराष्ट्रनीतीचा वाटतच नाही. तेथे कोण गेले यापेक्षा कोणाला, कोणाच्या संमतीने बसवले, हा खरा प्रश्न आहे.

यासुकुनीत थडगी नाहीत, अस्थी नाहीत. १८६९ साली स्थापन झालेल्या या शिंतो देवस्थानात आहेत ती नावे, सुमारे २४ लाख ६६ हजार. नाव नोंदले, विधी झाला की मृत सैनिक 'कामी', म्हणजे देव होतो. युद्धानंतरच्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने सरकारला धार्मिक कृत्यांची मनाई केली आणि देवस्थान खासगी धर्मसंस्था झाले. तरी मृतांच्या याद्या कल्याण मंत्रालयाकडूनच जात राहिल्या. मग पंतप्रधान 'खासगी' गेले की 'अधिकृत', सही करताना हुद्दा लिहिला की नाही, हा काथ्याकूट कशासाठी?

ऑक्टोबर १९७८ मध्ये याच नामावलीत 'अ' वर्गातील चौदा युद्धगुन्हेगार गाजावाजा न करता दाखल झाले. त्यांतले सात फासावर गेलेले होते. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तेथे कधीच गेले नाहीत. या चौदा नावांवरची त्यांची नाराजी राजवाड्यातील अधिकारी तोमिता यांच्या टिपणांतून २००६ साली उघड झाली. देवस्थानाच्या समर्थकांना याहून अडचणीचा साक्षीदार मिळणार नाही.

आपल्याला जवळचे नाव न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे. त्यांची स्मारकशिला २००५ पासून या आवारात आहे. त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवले हे खरे. पण जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा त्यांनी प्रबळच मानला होता. त्यांचा दाखला देणारे हा भाग सहसा गाळतात. आपल्याकडचेही.

मृतांसाठी शोक करायला दुसरी जागा नाही, असेही नाही. जवळच चिदोरिगाफुची येथे १९५९ पासून अनोळखी मृतांच्या अस्थींचे धर्मनिरपेक्ष स्मारक आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेचे मंत्री केरी आणि हेगल यांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. सूचना पुरेशी स्पष्ट होती. डिसेंबरमध्ये आबे यासुकुनीलाच गेले.

या गदारोळात एकवीस हजारांहून अधिक कोरियन नावे मागे पडतात. वसाहतीतून लष्करी सेवेत नेलेली ही माणसे. काही कुटुंबांनी 'आमचे नाव काढा' म्हणून विनंती केली, पुढे खटले भरले. निकाल त्यांच्या बाजूने लागले नाहीत. देवस्थानाचे उत्तर ठरलेले: एकरूप झालेले देव वेगळे काढता येत नाहीत. फिर्यादींपैकी एक वृद्ध तर स्वतःचेच नाव काढून मागत होता. युद्धातून तो जिवंत परतला होता. नामावलीत मात्र तो केव्हाच देव झाला होता.