फणी काढल्यावर

मागावरचा सगळा सरळपणा फणीचा. ताण्याची प्रत्येक तार तिच्या घरातून ओवलेली असते आणि धोटा गेला की तीच पुढे येऊन बाणा ठोकते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथलं धोतर असो की पॉपलीन, त्याचा पन्हा आणि पोत फणीवर ठरत आला. वहिफणी कामगार फणीच्या घरांत हजारो तारा भरतो; एक घर चुकलं तर रेघ ताग्याच्या शेवटापर्यंत जाते.

म्हणूनच मोनिका कोरिया यांची विणकामं या गावच्या डोळ्यांनी पाहावीत. त्यांनी विणता विणता ही फणीच काढून टाकली.

मुंबईच्या कोरिया मूळच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या. 1962 मध्ये अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल या नामवंत विणकर-शिक्षिकेची भेट झाली, तिथून ओढ लागली; पुढे मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये हात बसला. साहित्य साधंच, सूत आणि लोकर.

फणी निघाली की नेमकं काय होतं? ताण कायम राहतो, दोन तारांमधली भिंत तेवढी जाते. शेजारच्या तारा एकमेकींकडे सरकतात, तिसरी दूर होते, मधल्या जागेत बाणा जास्त दिसू लागतो. उभी रेघ वळते, पुन्हा सावरते, पुढे परत झुकते. पाहता पाहता तिथे फांदी दिसते, ओढ्याचा ओघ दिसतो. हे झाड कापडावर रंगवलेलं नाही की भरलेलं नाही. कापडाच्या घडणीतूनच ते वर येतं, आणि मला कोरियांची खरी थोरवी इथेच वाटते. निसर्गाची नक्कल करणारे पुष्कळ. धाग्याला वाढू देणारे विरळा.

पण हा स्वैरपणा नव्हे. बाणा ठोकायला फणीच नाही म्हटल्यावर कुठे घट्ट, कुठे विरळ, हे ओळीओळीला हातानेच ठरवावं लागतं. फणीचं बळ पुरतं ओळखणाऱ्यालाच ती केव्हा काढायची ते कळतं.

त्यांचं ‘ओरिजिनल सिन’ (1972) हे विणकाम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, ‘नो मून टुनाइट’ (1974) तिथल्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. एकाच्या नावात एदेनची बाग, दुसऱ्याच्या नावात अवसेची रात्र. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत कापड शिकणाऱ्या मुलामुलींनी या दोन्हींची छायाचित्रं जरूर काढून पाहावीत, आणि पाहताना एखाद्या जुन्या वहिफणी कामगाराला शेजारी बसवावं. तार कुठे सुटली हे तो आधी दाखवेल.