ग्लूटेनरहित म्हणजे पौष्टिक?

बिस्किटांच्या पुड्यावर ‘ग्लूटेनरहित’ छापले की तो पौष्टिक वाटू लागतो. भारतीय नियमांनुसार या शब्दाचा अर्थ एवढाच, की किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. आत काय आहे, याबद्दल तो शब्द गप्प आहे. (पुड्याची किंमत मात्र बोलकी असते!)

गोंदिया जिल्ह्यातील देवरीकडे पाहा. हा धानाचा मुलूख. भातात ग्लूटेन नसतेच. म्हणून नुसत्या भाताचे ताट परिपूर्ण ठरते का? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात लोह ०.६५ मिलिग्रॅम व तंतू २.८ ग्रॅम, कणकेत हेच आकडे ४.१ आणि ११.४. याच भागात धानानंतर लाखोळी पिकते. तिच्यातही ग्लूटेन नाही. पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडू शकतात.

सीलिअक रोग्याची गोष्ट वेगळी. डच डॉक्टर विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात या रोगाचा गव्हाशी संबंध दाखवला. अशा रोग्याने गहू आणि सातू जन्मभर टाळायलाच हवेत. पण त्याचे आतडे आधीच लोह नीट शोषत नाही. त्याला गव्हाऐवजी नुसता तांदूळ देणे म्हणजे उणिवेत भर. ज्वारी, डाळी, पालेभाज्या आणि नाचणी (१०० ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम!) यांची नावे पथ्याच्या यादीत ठळक हवीत. ‘काय खाऊ नये’ एवढेच सांगणारी यादी अर्धवट आहे.

आणि विद्यार्थ्याचे पोट वारंवार बिघडते म्हणून घरच्यांनी परस्पर गहू बंद करू नये. तपासणीआधीच तो सुटला, तर रोग असूनही रक्ताचा अहवाल निर्दोष येऊ शकतो.