नदी एका पाठात, भूजल दुसऱ्या पाठात

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ‘नदीचे कार्य’ आणि ‘भूजलाचे कार्य’ असे दोन स्वतंत्र पाठ देण्याची जुनी प्रथा आहे. नदीच्या पाठात व्ही आकाराची दरी, धबधबा, नागमोडी वळणे, त्रिभुज प्रदेश क्रमाने येतात. आकृत्या सुबक असतात, मांडणी सोपी असते. आमचा आक्षेप आहे तो या दोन पाठांमधल्या भिंतीला.

भूजलाच्या पाठात बहुधा चुनखडीच्या गुहा आणि लवणस्तंभ असतात. त्यात चूक काहीच नाही. आंध्र प्रदेशातील बोरा गुहा अशाच घडल्या आहेत. पण महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्टचा आहे. त्यामुळे इथल्या मुलांचा असा समज होतो, की आपल्या पायाखालचे पाणी फक्त विहिरीत साठते. जमीन घडवण्यात त्याचा काही हात नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून किंचित आम्लधर्मी झालेले पाणी बेसॉल्टच्या भेगांत उतरते. फेल्डस्पार, पायरोक्सिन ही खनिजे सावकाश कुजून त्यांची चिकणमाती होते, लोह गंजते. कोपऱ्यांवर अनेक बाजूंनी मारा होत असल्याने ते आधी झिजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे उरतात. आपल्या ओळखीचा मुरूम तयार होतो तो असा.

अखंड कातळ कोरणे नदीला सोपे नसते. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे पाहिले, की गरगर फिरणाऱ्या गोट्यांना किती काळ राबावे लागले असेल, याची कल्पना येते. मुरूम मात्र पुराबरोबर सहज निघून जातो. भूजल खडक कुजवते, नदी तो वाहून नेते. दोघांचे काम एकच आहे.

शिवाय पावसाळा संपल्यावर ओढ्यात वाहणारे पाणी बहुतांशी भूजलच असते. उपसा वाढला, की विहिरींबरोबर ओढाही लवकर आटतो. दोन पाठ वेगवेगळे घोकलेला विद्यार्थी उद्या गावचा कारभार पाहू लागला, तर बोअरवेलचा आणि नदीचा हिशेबही वेगवेगळाच मांडेल.

पुस्तक बदलण्याची वाट पाहायला नको. रस्त्यासाठी कापलेली एखादी टेकडी मुलांना लांबून दाखवावी. माती, मुरूम, भेगाळ खडक, कातळ असे थर वहीत काढायला सांगावेत. मग ओढ्याकाठी नेऊन विचारावे : ही दरी ओढ्याने एकट्याने कोरली का?