काचेमागचा कोळी आणि फलकावरचा आकडा

प्राणिसंग्रहालयात वाघ झोपलेला असला तरी आपण थांबतो. मोठ्या कोळ्याच्या काचेसमोर मात्र दहा सेकंदांत प्रश्न येतो, ‘‘कुठंय तो?’’ टॅरँटुला दिवसा बिळात नाहीतर सालीआड दडून बसतो, तो त्याचा स्वभावच आहे. मग मांडणी करणाऱ्यापुढे पेच पडतो. लपायला जागा द्यावी तर बघणारे नाराज, काढून घ्यावी तर जनावर उघड्यावर.

माझी तक्रार अशी, की या पेचातून बऱ्याचदा आकड्यांनी सुटका करून घेतली जाते. ‘जगातला सर्वांत वजनदार कोळी, पायांचा पसारा ३० सेंटिमीटरपर्यंत, पक्षी खाणारा.’ झालं!

आता हे ‘पक्षी खाणारा’ बघा. मारिया सिबिला मेरियन यांनी १७०५ साली सुरिनामवरच्या ग्रंथात हमिंगबर्ड खाणाऱ्या कोळ्याचं चित्र छापलं, तिथून ही कल्पना रुजली. प्रत्यक्षात या गोलायथ कोळ्याचं खाणं म्हणजे मुख्यतः गांडुळं आणि किडे, कधीमधी बेडूक. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्राची भीती आपण आजही दाखवतो आहोत.

निसर्ग-इतिहास संग्रहालयाची अडचण वेगळी. कोळ्याचं पोट मऊ असतं, वाळलं की आक्रसतं. म्हणून नमुने अल्कोहोलच्या बाटल्यांत, अभ्यासकांसाठी राहतात. लोकांसमोर येतं ते बहुधा मोठं केलेलं मॉडेल. म्हणजे पुन्हा आकारच!

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने २०१५ मध्ये एका दालनात काचच काढून टाकली. सोनेरी जाळी विणणाऱ्या कोळ्यांमधून माणसांनी चालत जायचं. हे कोळी जाळ्याच्या मध्यावर ठाण मांडून बसतात, म्हणून ते जमलं. मला ही मांडणी उजवी वाटते, कारण तिथे नजर शरीरावरून कामाकडे जाते. बिळातल्या कोळ्याला हे लागू होणार नाही, कबूल. पण बिळाचा उभा छेद दाखवता येतो, टाकलेली कात शेजारी ठेवता येते.

आणि शेवटचा मुद्दा आपल्या घरचा आहे. पोइसिलोथेरिया मेटॅलिका हा निळाजर्द टॅरँटुला जगभर हौशी लोक पाळतात, प्रदर्शनांतही तो दिसतो. तो आहे आंध्र प्रदेशातला. १८९९ मध्ये त्याची नोंद झाली ती गुत्तीला, रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. त्याचं जंगल आज १०० चौरस किलोमीटरहूनही कमी उरलंय, आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या अख्ख्या पोइसिलोथेरिया वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून ‘सायटीस’च्या नियमांखाली आला. निळा रंग मात्र काचेमागे दिमाखात झळकतो. त्याच्या फलकावर त्या जंगलाचं नाव नसेल, तर ते प्रदर्शन अपुरं आहे, असं मी म्हणेन.

तेव्हा पुढच्या वेळी काचेसमोर उभे राहाल तेव्हा ‘केवढा मोठा!’ म्हणून झालं, की तिथल्या माणसाला एवढंच विचारा: हा इथे आला कुठून, आणि याचं जंगल आहे का अजून?